निवांत दिवसाचे वेळापत्रक

गेल्या वर्षी माझ्या सासऱ्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून, शिट्ट्या वाजवीत, गर्दी बाजूला सारून उद्यानाबाहेर आणावे लागले, त्याला कारण मी केलेली आखणी होती. ही गोष्ट मी वादासाठीसुद्धा नाकारीत नाही. आणि वादासाठी मी पुष्कळ गोष्टी नाकारतो, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

झाले ते असे. राइड्सच्या त्या प्रचंड उद्यानात तीन दिवसांसाठी जायचे, तर पोहोचल्या दिवसाचा उरलेला अर्धा भाग फुकट का घालवावा, असा माझा युक्तिवाद होता. दुपारी दोनला आम्ही मुक्कामी उतरलो, पावणेतीनला सामान खोलीत टाकले आणि तीनला रांगेत उभे राहिलो. साडेचारला सासऱ्यांच्या कंबरेतून पायात जी कळ उतरली, तिने त्यांना लोखंडी कठड्याला धरून खालीच बसवले.  खुर्चीतून बाहेर येताना त्यांनी टोपी तेवढी डोळ्यांवर ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गाडीने, खांद्यावरची एक पिशवी घेऊन, ते एकटे घरी परतले. झाडांना पाणी घालायचे राहिले आहे, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या घरी एकही झाड नाही.

त्यानंतर वर्षभर ते आमच्याबरोबर कुठेही आले नाहीत. घर आमच्यापासून तीन दारे पुढे. पण आम्ही बाजारात निघालो की त्यांचे दार लावलेले आणि ते बाहेर पडले की एकटे. चाळीस वर्षे लिफ्ट दुरुस्त केलेला, रिकाम्या विहिरीसारख्या त्या पोकळीत दोरखंडाला लोंबकळलेला हा माणूस. त्याला चाकांवर बसवून माणसांतून ढकलत नेणे म्हणजे काय, हे मला समजायला फार वेळ लागला.

यंदा माझ्या दहा वर्षांच्या मुलीने, ठकीने, त्यांना सरळ जाऊन विचारले. ती म्हणाली, "आजोबा, येणार की नाही? एका शब्दात सांगा." त्यांनी एका शब्दात हो म्हटले आणि मग मला बोलावून घेऊन पुष्कळ शब्दांत अट घातली.

"जावईबुवा, माझ्यासाठी म्हणून कुणी काही टाळलं, कुणी माझ्यासाठी थांबलं, असं मला नुसतं दिसलं, तरी मी परतीची गाडी धरीन. आणि पुन्हा मला बोलवायचं नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

रात्रीच्या जेवणात बायको म्हणाली, "या वेळी ते परतले, तर आपल्याबरोबर बाबांचं हे शेवटचंच जाणं. लक्षात ठेवा." ते मी लक्षात ठेवले. त्याच ताटावर मी मनाशी निश्चय केला की पोहोचण्याचा दिवस निवांत जाईल. असा निवांत, की तो कुणासाठी निवांत ठेवला आहे, हे कुणाला कळणार नाही.

माझी नोकरी शहर-बसच्या वेळापत्रकाची. एकोणीस वर्षे मी हेच करतो. या कामातले एक गुपित बाहेरच्यांना माहीत नसते. शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटांची सूट उघडपणे लिहून ठेवली, की चालक ती गृहीत धरतात आणि गाडी दहा मिनिटे उशिराच येते. म्हणून आम्ही ती सूट लिहीत नाही. वाटेतल्या पाच थांब्यांत दोन-दोन मिनिटे मुरवून टाकतो. चोरखिसा असतो, तशी ही चोरमिनिटे. दुसरा नियम याहून कडक आहे: गाडी वेळेआधी थांब्यावर आली, तर तिने वेळ होईपर्यंत तिथेच उभे राहायचे. उशिरा आलेली गाडी प्रवाशाला ताटकळत ठेवते; लवकर गेलेली गाडी त्याला मागे टाकून जाते.

निघण्याच्या अकरा दिवस आधी मी आखणी जेवणाच्या टेबलावर बायकोपुढे ठेवली. ती शिवण-कारखान्यात कापड बेतते. कागदावर रेघा मारणाऱ्या माणसाविषयी तिला मुळातच आदर कमी.

"हे काय?"

"निवांत दिवस."

"निवांत दिवसाला सतरा ओळी?"

"एकोणीस. मागच्या बाजूला दोन आहेत."

तिने कागद उलटला, पुन्हा सुलटा केला. उद्यानाची तिकिटे दुसऱ्या दिवसापासूनची काढली होती, ते तिला पटले. पोहोचल्यावर आंघोळ, खाणे, पडणे, मग उद्यानाच्या कुंपणाबाहेरच्या तळ्याकाठी चक्कर, तेही पटले. पुढे ती अडखळली.

"चार दहा, ठकीला बूट चावतो. चार पस्तीस, मला फोन. हा 'मला' म्हणजे तुम्ही?"

"मी."

"चार पन्नास, चष्मा हरवतो. कुणाचा?"

"तुझा. दर पंचवीस मिनिटांच्या आत बाबांना बसायला मिळालं पाहिजे, आणि ते त्यांच्यासाठी आहे असं वाटता कामा नये. प्रत्येक थांबा दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर टाकला आहे."

"आणि खोली तळमजल्यावर का, तर... 'ठकीस लिफ्टची भीती वाटते'." तिने कागद खाली ठेवला. "अहो, लिफ्टवाल्याच्या नातीला लिफ्टची भीती? ती चालायला लागली तीच त्यांचं बोट धरून मशीनरूममध्ये. जरा तरी डोकं वापरा!"

ती ओळ मी खोडली आणि तिथे 'खिडकीतून झाडे दिसावीत, ही माझी इच्छा' असे लिहिले.

"तुम्हाला झाडं आवडतात?"

"परवापासून आवडू लागली आहेत."

"दुधानं तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिणारे पाहिलेत मी," ती म्हणाली, "तुम्ही तर ताकाला पंखा लावलाय." पण तिने होकार दिला, कारण याहून बरा उपाय तिलाही सुचत नव्हता. ठकीच्या वाट्याच्या ओळी मी वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या. तिने त्या परीक्षेच्या आदल्या दिवशी करतात तशा पाठ केल्या.

ठरल्या दिवशी पहिला घोटाळा झाला तो असा, की काहीच घोटाळा झाला नाही. गाडी तेरा मिनिटे आधी पोहोचली. खोल्या तयार होत्या. बाबा आपली बॅग स्वतः उचलून, पाठ ताठ ठेवून, माझ्या पुढे चालत होते. जेवण टेबलावर आले तेही सांगितल्याबरोबर. बाबांनी पाऊण तास झोप काढली आणि उठून स्वतःच म्हणाले, "चला, तळं बघू." माझ्या कागदाप्रमाणे तळे चार वाजता होते; घड्याळात साडेतीन वाजले होते. त्यांना मी बुटाची नाडी, पाण्याची बाटली आणि खिडकीतली झाडे यांच्या आधारे चारपर्यंत रोखून धरले. एकोणीस वर्षांची सवय. लवकर आलेली गाडी उभी करायची.

तळ्याची वाट उद्यानाच्या कुंपणाला लागून जाते. कुंपणापलीकडे एक उंच मनोरा होता. बारा माणसांची बैठक पोलादी दोरांनी वर चढायची, क्षणभर थबकायची आणि किंकाळ्यांसकट खाली यायची. बाबा जाळीला नाक लावून उभे राहिले. वर्षभरात मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता.

"ठके, माणसं बघू नकोस. मागे बघ. माणसं वर निघाली की तिकडे काय खाली येतंय?"

"काळं काहीतरी. मोठं!"

"ते वजन. या बाजूला माणसं, त्या बाजूला वजन. मोटारीला सगळा भार उचलावा लागत नाही, फरकाचा तेवढा उचलायचा. लिफ्टमध्ये हेच. आता सांग, बैठक रिकामी असली तर?"

ठकी विचारात पडली. उत्तर तिच्या ओठांवर आलेले मला स्पष्ट दिसले. आणि त्याच वेळी तिने मनगटावरचे घड्याळ पाहिले. चार दहा.

"आजोबा, मला बूट चावतोय," ती एका सुरात म्हणाली.

"कुठला?"

हे चिठ्ठीत नव्हते. "दोन्ही," ती म्हणाली.

आम्ही बाकावर बसलो. ठकीने बूट काढले, घातले. बाबा बसले, पण मान मनोऱ्याकडे. सहा-सात मिनिटांनी ते उठले. "मोटार कुठे बसवलीय ते पलीकडून दिसेल. चला." आम्ही चाललो, वाट संपता संपता, नेमका मनोऱ्याचा पाया दिसू लागला तेव्हा, मी फोन कानाला लावला आणि हात वर करून सर्वांना थांबवले. फोन वाजला नव्हता. बाबांनी माझ्याकडे पाहिले आणि ते शेजारच्या बाकावर टेकले. मी पलीकडे कुणीही नसताना चार मिनिटे "हो, हो, बघतो" असे म्हणत उभा राहिलो. पुन्हा निघालो. आणखी थोड्या अंतरावर बायको पर्स उपसू लागली.

"माझा चष्मा कुठे गेला?"

चष्मा तिच्या डोक्यावर होता.

बाबा या वेळी बसले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्याकडे पाहिले, माझ्या फोनकडे पाहिले आणि मग ठकीपुढे वाकले.

"ठके, खिशात काय आहे?"

ठकी खोटे बोलू शकत नाही. दोन बुटांचे तेवढे तिला जमले होते. तिने चिठ्ठी काढून दिली. त्यांनी ती हात लांब धरून वाचली, आणि मोठ्याने वाचली, हे अधिक वाईट.

"चार दहा, बूट. पाच पाच, पोटात दुखते, फार नाही. पाच पंचवीस, बदके मोजू या." त्यांनी चिठ्ठीची घडी घालून ती ठकीच्याच हातात ठेवली. "बदकं तरी खरी आहेत का?"

बायकोने डोक्यावरचा चष्मा काढून पर्समध्ये टाकला.

"गेल्या वर्षी पळवलंत. या वर्षी थांबवताय. इतकं छान यंत्र समोर होतं, पोरगी उत्तर देणार होती, तर बूट! मी माणूस आहे की तुमची बस?"

"बाबा, ऐका..."

"अट काय होती, जावईबुवा?"

ते मुक्कामाकडे वळले; तळ्याला वळसा घालून आम्ही त्याच्या जवळच आलो होतो. प्रवेशद्वाराशी बसलेल्या कारकुनाला त्यांनी विचारलेले आम्ही मागून ऐकले: परतीची गाडी सव्वासहाला, थांबा उद्यानाच्या रस्त्यावर, दगडी कट्ट्यासमोर. ते खोलीत गेले. घड्याळात पाच वाजायला दोन मिनिटे कमी होती.

मी बायकोला माझी बाजू समजावू लागलो. आखणीत तत्त्वतः चूक नव्हती, अंमलबजावणीत ठकीने...

"पोरीवर ढकलू नका," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच मी गप्प बसलो. "अहो, शिवणीत आम्हीही जास्तीचं कापड आत दडवून ठेवतो. पुढेमागे उसवून वाढवता यावं म्हणून. पण आधी माणसाचं माप घेतो! तुम्ही मापच घेतलं नाहीत. पंचवीस मिनिटं कुठून आणलीत? कुणाला विचारलंत?"

पंचवीस मिनिटे मी अदमासाने घेतली होती. कार्यालयात कुणी अशी वेळ अदमासाने लिहिली असती, तर मी तो कागद त्याच्यासमोर फाडला असता. मी बाबांच्या खोलीकडे गेलो. क्षमा मागावी असे एक मन म्हणत होते. पण क्षमेने गाडी थांबली नसती, आणि मला ती थांबवायचीच होती.

ते खांद्यावरच्या पिशवीत औषधे भरीत होते.

"बाबा, तुम्हांला किती वेळ उभं राहता येतं?"

त्यांचे हात थांबले. "हे विचारायला एक वर्ष लागलं?"

"लागलं."

त्यांनी पिशवी पलंगावर ठेवली. मग एखाद्या यंत्राविषयी सांगावे, तसे ते बोलले. "सपाटीवर अठरा मिनिटं. चालत किंवा उभं, सारखंच. उन्हात चौदा. चढ असला तर अकरा. मग कळ येते. दहा मिनिटं बसलं की उतरते, आणि पुन्हा अठरा मिळतात. संध्याकाळपर्यंत असं पाच-सहा वेळा चालतं. त्यानंतर नाही."

"हे तुम्ही मोजलंत?"

"रोज. घराभोवती, घड्याळ लावून. वर्षभर दुसरं काय करत होतो? चाळीस वर्षं प्रत्येक लिफ्टमध्ये माझ्या हातानं पाटी ठोकलीय: इतकी माणसं, इतकं वजन. लोक ती वाचत नाहीत. नववा माणूस घुसतो, लिफ्ट अडकते, आणि शिव्या मेकॅनिकला."

इथे शहाण्या माणसाने मान डोलावून गप्प बसावे. मी तसा नव्हे.

"बाबा, वाचायला पाटी दिसली पाहिजे. तुम्ही तुमची पाटी भिंतीकडे तोंड करून ठोकलीत, आणि वर अट घातलीत की कुणी बघायचंही नाही. मग चढणाऱ्यानं काय वाचायचं? गेल्या वर्षीचा दोष सगळा माझा. या वर्षीचा अर्धाच घेईन मी, पुरा नाही."

बायको दारात येऊन उभी होती. तिने कपाळाला हात लावला. बाबांनी पिशवीचा बंद ओढून घट्ट केला. 

"जावयाचा मान म्हणून ऐकून घेतो," ते अखेर म्हणाले. "दुसरा कुणी असता तर..."

"दुसरा कुणी असता तर खोटा फोन घेऊन चार मिनिटं उभा राहिला नसता."

ते हसले नाहीत. पण पलंगावर बसले. "अर्धा दोष माझा. बरं. पण माझं म्हणणं अजून तुम्हांला कळलेलं नाही. मी बसायला लाजत नाही. मी बसलो, की तुम्ही चौफेर उभे राहून माझ्याकडे बघता, ते मला नको. मी एकटा बसलो, तर मी नुसता बसलेला माणूस असतो. रस्त्यावर शंभर बसलेले असतात. माझ्याभोवती सगळं घर थांबलं, की मी आजारी."

"मग काय करायचं?"

"नवी लिफ्ट लावली की माणसं चढवायच्या आधी ती चालवून बघतात. उद्यानाच्या दारापर्यंत चालत जायचं. माझ्या चालीनं बावीस मिनिटं लागतील. अठराव्या मिनिटाला मी बसेन. तुम्ही चालत राहायचं. थांबायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. एकानंही पाहिलं, तर समोर थांबा आहे, सव्वासहाची गाडी आहे. नाही पाहिलंत, तर उद्याचं बघू."

"बाबा, हे काय पोरखेळ..." बायको म्हणाली.

"तुझ्या नवऱ्यानं चिठ्ठ्या वाटल्या तेव्हा तो पोरखेळ नव्हता?"

मी म्हणालो, "कबूल." या वेळी शब्दाचे वजन मला ठाऊक होते.

सहाला दहा कमी असताना आम्ही निघालो. बाबांनी पिशवी खांद्याला अडकवली होती. औषधे आहेत, असे म्हणाले. वाटेवर ऊन उरले नव्हते. ते ठकीबरोबर पुढे, आम्ही दोघे मागे. रिकाम्या बैठकीचे उत्तर ठकीने आता दिले: वजन खाली ओढील आणि बैठक उगाच वर पळू पाहील, म्हणून मोटारीला उलटे धरून ठेवावे लागेल. "शाबास," ते म्हणाले. "रिकामं धरून ठेवायलाही जोर लागतो." मी घड्याळ पाहिले नाही. ते पाहणे त्यांचे काम होते.

दगडी कट्ट्याशी ते थांबले. "झाली माझी अठरा." कट्ट्यावर आणखी तीन-चार माणसे होती, एक बाई पायांतले खडे झटकीत होती. त्यांच्यात जागा करून ते बसले, आणि आम्ही त्यांच्यासमोरून पुढे गेलो.

एवढे कठीण काम मी नोकरीत कधी केले नाही. मान वळू नये यासाठी मला दोन्ही हात खिशांत घालावे लागले. ठकीने माझी बाही धरली. "बाबा, आजोबांना पाणी..." "चल," मी म्हणालो.  बायको माझ्याहून वेगाने चालत होती, आणि तिच्या खांद्यांवरून मला कळत होते की ती रडत नाही, रडणे धरून ठेवते आहे.

उद्यानाचे दार दिवसापुरते बंद झाले होते. आम्ही त्याच्याकडे तोंड करून उभे राहिलो. डाव्या बाजूला नियमांचा फलक होता. तो मी पहिल्या ओळीपासून वाचू लागलो. चौथ्या नियमावर असताना मागे दूर बसचे ब्रेक लागल्याचा आवाज आला. दार उघडले. एकोणीस वर्षांत मी असंख्य बसची दारे उघडताना आणि मिटताना ऐकली आहेत. माणूस चढला की नाही, हे आवाजावरून कळत नाही. दार मिटले. गाडी निघाली, आमच्या पाठीमागून गेली, आणि वळणापलीकडे तिचा आवाज विरला.

बायकोने माझा हात धरला. "बघू का?"

"नाही."

"गेले असले तर?"

"गेले असले तर बघून ते परत येणार नाहीत. आणि गेले नसले तर..." पुढचे बोलण्याची गरज नव्हती. तिने दाराच्या गजाला घट्ट धरले आणि समोर पाहत राहिली.

मी फलक दुसऱ्यांदा वाचला. ठकी दबक्या आवाजात आकडे मोजत होती. कशाचे, ते मी विचारले नाही. तिसऱ्यांदा वाचताना मी आठव्या नियमापर्यंत आलो होतो, तेव्हा खडीवर पावले वाजली. एकसारखी, सावकाश, एका पायावर किंचित अधिक जोर देणारी. तरीही आम्ही वळलो नाही.

"अजून इथेच?" बाबा म्हणाले. "मला वाटलं, एव्हाना आत शिरायची दुसरी वाट शोधली असेल जावईबुवांनी."

ठकी वळली आणि त्यांच्या कमरेला मिठी मारणार, एवढ्यात त्यांनी तिला हाताने अडवून पिशवी तिच्या खांद्यावर दिली.

"ही तू घे. उद्याची रांग किती मिनिटांची असेल, ते विचारून ये कुणालातरी. अदमासानं नको. नक्की सांग म्हणावं."